पाटीवर नसलेलं रेशीम

माझी बायको गेली त्या दिवशी आळीतला झाडून सगळा माणूस खांद्याला आला, आणि माझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा माणूस आला नाही. खाली अंगणात तिरडी बांधत होते आणि वरून पंखे घरघरत होते. उकडतं म्हणून लावतात ते पंखे नव्हेत, मशीनचे. सुरू व्हायचे, थांबायचे, परत सुरू व्हायचे. म्हणजे खाली बाईच्या कपाळाला मळवट भरत होते आणि हा गडी वर बसून सर्व्हर उघडझाक करत होता. मी वर बघितलं. माझ्याबरोबर चार जणांनी बघितलं. मेव्हण्याने दात खाल्ले ते मला ऐकू आले.

मी चौथी शिकलेला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर माझा जन्म गेला. तिथं अंगाला कोळसा लागतो आणि मनाला कातडं येतं. मला धक्के बसत नाहीत असा माझा समज होता. त्या दिवशी बसला. पुढं रामकुंडावर दहाव्याला त्याच्या दुप्पट बसला. तो अजून अंगातून गेलेला नाही.

हा माणूस खोली बघायला आला तेव्हा त्याने पाण्याचं विचारलं नाही, संडासाचं विचारलं नाही. "काका, अर्थिंग कुठं आहे?" हे विचारलं. मी खूश. आयुष्यात पहिला भाडेकरू भेटला ज्याला अर्थिंग माहीत होतं. मागच्या बोळात नेऊन खड्डा दाखवला. उकिडवा बसून त्याने तो वास घेतल्यासारखा बघितला.

"मीठ-कोळसा घालता?"

"घालतो. उन्हाळ्यात पाणीबी सोडतो."

"मग खोली पसंत आहे," म्हणाला. खोली अजून त्याने बघितलीच नव्हती.

आमच्या हिने विचारलं, "भाऊ, बायको-पोरं कधी आणणार?"

"नाहीत, काकू."

"मग दोन खोल्या कशाला? राहणार कोण?"

"मशीन."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. असे आम्ही दोघं पुढची कितीतरी वर्षं एकमेकांकडे बघत आलो.

त्याचा धंदा असा. दवाखाने, पतसंस्था, कारखाने आपले जुने सर्व्हर काढून टाकतात. हा ते विकत घ्यायचा, सुटे करायचा, ह्याचा प्रोसेसर त्याला, त्याची रॅम ह्याला असं करून परत उभे करायचा आणि ज्यांना नवं परवडत नाही त्यांना द्यायचा. सर्व्हर म्हणजे काय, हे आमच्या हिने विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, घरचा कॉम्प्युटर म्हणजे तुमचा गॅस. चार माणसांचा स्वयंपाक. सर्व्हर म्हणजे लग्नघरातली भट्टी. रात्रंदिवस पेटती, आणि मागणारे शंभर." तिला पटलं. तिने पंचवटीत एका गुरुजींच्या घरी बरीच वर्षं वरकाम केलेलं. यात्रेकरूंच्या पंगती तिथं रोज उठायच्या. भट्टी तिला कळत होती.

मला मात्र त्याने वेगळं सांगितलं. तो निफाडकडचा, द्राक्षवाल्या घरातला. बाग भावाला देऊन शहरात आलेला. पण बोलायला लागला की बागच बोलायची. बोर्डावर एक चौकोनी चिप असते, तिच्यावर पंख्यासारखी पितळी-चंदेरी पट्ट्यांची टोपी. तिला म्हणतात चिपसेट. त्याच्यावर बोट ठेवून, म्हणजे ठेवल्यासारखं करून, कारण बोट तो कधी टेकवत नसे, म्हणाला, "काका, हा खुंट. बागेत आधी जंगली खुंट लावतात ना, मग त्याच्यावर द्राक्षाचं कलम करतात? कलम कितीही भारी असो, खुंटाने धरलं तरच. तसं हे. प्रोसेसर कोणता चालेल, रॅम कोणती, किती, कुठल्या वेगाची, सगळं हा ठरवतो. खुंट विचारल्याशिवाय कलम करू नये."

हे वाक्य त्याचं दिवसातून दहादा. फोनवर कोणी म्हणालं की "अहो, जास्तीत जास्त रॅम टाकून द्या," की ह्याचा आवाज चढायचा. "टाकून द्यायला रॅम म्हणजे काय मिसळीतली शेव आहे का? खुंट कोणता? मला आधी खुंट सांगा!" पलीकडचा बिचारा पतसंस्थेचा मॅनेजर. त्याला वाटायचं नंबर चुकला, बागायतदाराला लागला.

एकदा माझ्या समोर दोन पट्ट्या धरल्या. दोन्ही हिरव्या, दोन्ही एकाच लांबीच्या, खाचसुद्धा एकाच जागी. "काका, फरक ओळखा." मला काय ओळखतंय. "एक सर्व्हरची आहे. तिच्यात लिहिलेलं एखादं अक्षर बिघडलं तर ती आपण होऊन चूक पकडते आणि दुरुस्त करते. दुसरी साधी. चुकली तर चुकली, तिला पत्ता नाही."

आमची ही दारातून म्हणाली, "भाऊ, ती पहिली पट्टी ह्यांच्या डोक्यात बसती का बघा."

तो हसला नाही. माझ्या डोक्याकडे खरोखर नीट बघून म्हणाला, "खुंट घेणार नाही, काकू."

महिनाभर ती हे आळीत सांगत हिंडली.

आता सोवळ्याचं सांगतो. कारण सगळं तिथूनच झालं.

मशीन उघडायचं असलं की हा आधी आंघोळ करायचा. अंगात सुती सदरा, सुती लेंगा, अनवाणी. केस बारीक कापलेले. डाव्या मनगटाला काळा पट्टा, पट्ट्याला वायर, वायर भिंतीतल्या अर्थिंगला. रॅमच्या पट्टीला हात लावायच्या आधी खिडकीच्या गजाला हात लावणार. मधेच कोणी दारात आलं तर "थांबा, शिवू नका!" म्हणून ओरडणार. दारावर त्याने स्वतः पाटी रंगवलेली: लोकर, नायलॉन बाहेर ठेवा. निफाडला पारा खाली जातो तेव्हा आमच्याकडेही दात वाजतात. त्या थंडीत माझा मेव्हणा त्याच्याकडे मोबाईल दाखवायला वर गेला. पाचव्या मिनिटाला बनियनवर कुडकुडत खाली आला. स्वेटर पायरीवर, मफलर पायरीवर.

"दाजी, हा भाडेकरू हाय का देऊळ हाय वर? कपडे काढाय लावतोय!"

मला त्यातलं थोडं कळत होतं. अंगात वीज साठते, कोरड्या हवेत जास्त. माणसाला ती नुसती चटका देते, पण त्या बारीक चिपांना मारून टाकते. प्लॅन्टमध्ये आम्हालाही असलं शिकवलेलं. पण मी बायकोला ते सांगायच्या भानगडीत पडलो नाही, कारण तिने आपलं ठरवून टाकलं होतं. "सोवळं पाळतोय तो," म्हणाली. "आंघोळ केल्याबिगर शिवत नाय, अनवाणी बसतो, हाताला जानव्यासारखी वायर बांधतो. गुरुजींच्या घरी काय वेगळं असतं?" आणि तिने त्याच्या सोवळ्याचा मान ठेवला. ताट उंबऱ्याबाहेर ठेवायची. अंगावर शाल असली तर जिन्यात काढायची. आमच्या आळीत त्याला वेडा न म्हणणारी ती एकटी होती.

तिने त्याच्याकडून वसूलही केलं. एका हिवाळ्यात आमचं दही लागेना. दुधाचं पातेलं चादरीत गुंडाळ, पिठाच्या डब्यात ठेव, काही केल्या विरजण धरेना. एक दिवस पातेलं गायब. वर जाऊन बघतो तर त्या भट्टीसारख्या मशीनच्या मागे, जिथं पंख्यांची गरम हवा बाहेर पडते, तिथं स्टुलावर आमचं पातेलं, वर झाकण. तो शेजारी बसलेला, गळाठून गेल्यासारखा.

"काका, काकूंना सांगा. ओल आहे. दूध आहे. सर्व्हर आहे."

"मी काय सांगू? तूच सांग."

त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दही असं लागलं की सुरी लावून कापावं. त्यानेच वाटीभर खाल्लं. मग ते स्टूल तिथलंच झालं. रोज संध्याकाळी ती पातेलं घेऊन वर जायची, मशीनला वळसा घालून मागे ठेवायची, सकाळी आणायची. त्याच्या खोलीत पट्टा न बांधता एवढ्या आत जाणारी तीच.

त्या मशीनवर त्याने तीन-चार छोट्या दवाखान्यांच्या रिपोर्टची दुसरी प्रत ठेवायचं काम घेतलं होतं. स्वतःसाठी म्हणून बांधलेलं, जिवाचं मशीन. त्याला एक रॅमची पट्टी कमी होती. तो बोर्ड जुना, त्याचा खुंट फार नखरेल. त्याला लागणारी पट्टी बाजारातून उठलेली. कुठून कुठून फोन करून त्याने ती एक मिळवली. आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या जिन्यावरून पडला. उजवा हात प्लास्टरमध्ये.

तरी धीर निघेना. डाव्या हाताने मशीन उघडलं, डाव्या हाताने प्रोसेसर काढून पुसून परत बसवला. पण रॅमची पट्टी दोन्ही टोकांना एकदम दाबावी लागते. तिथं एका हाताचं काम नाही. मी तेव्हा ड्युटीवर. त्याने जिन्यातून हाक मारली, "काकू, मला एक हात पाहिजे!"

ही म्हणाली, "आले, जरा थांबा."

जरा थांबा म्हणजे काय, तर ती आंघोळीला गेली. आणि आंघोळ करून तिने पेटीतून पैठणी काढली. पोराच्या लग्नात मी येवल्याला जाऊन घेतलेली. वांगी रंग, हिरवे काठ. तिच्याकडचं एकच रेशीम. आता हे कोणाला वेडेपणाचं वाटेल. पण तिने गुरुजींच्या घरी काय बघितलेलं? सोवळ्याला रेशीम. सुती एक वेळ विटाळतं, रेशीम विटाळत नाही. आणि पाटी तिने जुळवून जुळवून वाचलेली. लोकर बाहेर, नायलॉन बाहेर. रेशीम पाटीवर नव्हतंच. कसं असेल? त्या खोलीत रेशीम नेसून कोण मरायला येणार, असं त्याला वाटलेलं. ज्या माणसाने एवढ्या विश्वासाने हाक मारली त्याच्या देवघरात जायचं तर आपल्यापाशी असेल ते सगळ्यात चांगलं नेसून जावं, एवढंच तिचं गणित.

थंडीचे दिवस. हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. तो मशीनवर वाकलेला, तोंड तिकडे. न वळताच म्हणाला, "काकू, ती पट्टी उचला, कडेने धरा." तिने धरली. "आता खाचेत ठेवा, दोन्ही अंगठ्यांनी दाबा. टक् वाजेल." तिने दाबली. टक् वाजलं, पण त्याच्या आधी चट् वाजलं.

तो वळला. पैठणी बघितली. त्याच्या तोंडून एकच शब्द गेला. "रेशीम!"

मग मशीन चालू केलं. एक पिवळी लाईट लागली. ती लाईट म्हणजे मशीन सांगतंय, माझी एक पट्टी मला दिसत नाही. बाकीच्यांवर मी चालतंय, पण ही मेली.

"भाऊ, माझ्यानं काय झालं का?"

आणि हा माणूस, जो गिऱ्हाइकाच्या मशीनला पिवळी लाईट दिसली तर तिथल्या तिथं फोनवर त्याच्या खानदानाचा उद्धार करायचा, तो म्हणाला, "नाही, काकू. तुमच्याने काही नाही. ह्या बोर्डाचा तो स्वभावच आहे."

हे सगळं मला हिने त्या संध्याकाळी सांगितलं. मी वर गेलो, दार लोटून विचारलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. "काका, ठिणगी मी ऐकली. पट्टी गेली. पण काकूंना हे कळता कामा नये."

"मग काढून टाक की ती."

"काढली तर त्यांना कळेल मोडली म्हणून."

तर ती तिथंच राहिली. त्याचा दुसरा एक नियम होता. ठिणगी लागलेली पट्टी दुसऱ्या बोर्डात घालून बघायची नाही, तो बोर्डही जायचा. म्हणून ती कुठं तपासली नाही. आणि ते मशीन उघडलंही नाही, उघडलं तर दुरुस्त करतोय असं दिसलं असतं. ज्या माणसाला पिवळ्या लाईटच्या खोलीत झोप येत नव्हती तो वर्षानुवर्षं त्या लाईटजवळ झोपला. आणि ही रोज संध्याकाळी दह्याचं पातेलं घेऊन त्याच लाईटसमोरून जायची.

मला तिने कधी काही विचारलं नाही. पण पैठणी परत नेसली नाही. भाचीच्या लग्नाला सगळ्या बायका नटून निघाल्या, ही सुती साडीत. मी म्हणलं, "पेटीत काय उंदरांना ठेवलीय का?" म्हणाली, "माझ्या अंगाला रेशीम सोसत नाय आता." मला कळायला हवं होतं असं म्हणतात लोक. मला कळत होतं. पण तो बोलू नका म्हणाला होता, आणि खरं सांगितलं असतं तर पेटीला कुलूपच लागलं असतं. मी चूप.

परवाच्या हिवाळ्यात ती आजारी पडली. छातीत पाणी. दवाखान्यात नाकाला नळी. पोरगा-सून शेजारी, मी उशाला. तो भेटायला आला. नेहमीचाच सुती सदरा, थंडीने काळानिळा. दारात चपला काढून उभा. हिने त्याला बघितलं आणि नळी बाजूला केली.

"भाऊ, ती लाईट पिवळीच हाय का अजून?"

मला वाटलं वाताच्या भरात बोलतेय.

तो म्हणाला, "आहे, काकू. स्वभाव आहे तिचा."

"किती वर्सं तेच सांगाल? माझ्या लुगड्यानंच मेली ना ती?"

"नाही."

"मग हिरवी करून दाखवा. मी घरी आले की दही ठेवाय येईन. तवा बघीन."

त्याने चपला पायात सरकवल्या. "करतो," म्हणाला आणि गेला.

मला तिचा रागच आला. एवढा संसार केला, मरणाच्या दारात बाई काय विचारते, तर लाईट! माझं काय होणार हे नाही विचारलं. नातवाचं नाही. लाईट. मी बाहेर जाऊन चहावाल्यावर उगाच ओरडलो. तेव्हा मला एवढंच दिसत होतं. आत तिला काय कुरतडत होतं, ते तिने आम्हाला सगळ्यांसमोर सांगितलं आणि आम्हाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी ती गेली.

घरी आणली. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई, म्हणजे सवाष्ण. तिला नटवून पाठवतात. हिरवा चुडा आला, फुलं आली. सून पेटीतून पैठणी घेऊन आली. घडी तशीच, मोडलेली नाही. म्हणाली, "मामा, ही नेसवू ना?"

मी म्हणलं, "नको. तिने रेशीम सोडलं होतं."

"मामा, अहो आज तरी..."

"नको म्हणलं ना!"

सुती साडीतच गेली ती. आणि वर पंखे घरघरत होते. अमरधामातून परत आलो, आंघोळी झाल्या, तरी तो खाली उतरला नाही. मी पोराला सांगून टाकलं, "दहावा झाला की वरची खोली खाली करायला सांग. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

रामकुंडावर दहावा. गर्दी, भटजी, ओल्या पायऱ्या. पिंड मांडला. आम्ही सगळे मागे सरलो, आणि आता कावळा शिवतो का बघत उभे राहिलो. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो, कावळा लवकर शिवला तर गेलेल्याची इच्छा काही उरली नव्हती असं धरतात. नाही शिवला तर घरचे एकेक वचन देत राहतात. मी काय काय कबूल करायचं ते मनात जुळवत होतो.

तर कावळा लगेच आला. बसला, चोच मारली, उडाला. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मेव्हणा डोळे पुसून म्हणाला, "समाधानी होती माझी बहीण. काय इच्छा राहिली नव्हती."

"राहिली होती."

आवाज मागून आला. सगळ्या माना वळल्या. तो पायरीवर उभा होता. अनवाणी, दाढी वाढलेली.

कावळा शिवलेल्या पिंडासमोर असं बोलतात का कोणी? भटजींनी मंत्र तोडला.

मेव्हणा त्याच्या अंगावर गेला. "ए! मयताला आला नाय, आन् दहाव्याला अक्कल शिकवतो व्हय रं?"

"मला बोलू द्या. मग पाण्यात ढकला." त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. पिंडाकडे बघून बोलला, जसा तो बोर्डांशी बोलतो, हळू, आदराने. "काकू, मी तुम्हाला फसवायला निघालो होतो. ती मेलेली पट्टी काढून तिच्या जागी दुसरी घालणार, लाईट हिरवी करणार आणि म्हणणार, बघा, तीच आहे. तशी पट्टी मी मागाहून हाती आलेल्या दुसऱ्या एका बोर्डातून काढून घेतली. घातली. लाईट पिवळीच. परत काढली, परत घातली. पिवळीच. चांगली, चालती पट्टी, आणि मशीन म्हणतं दिसत नाही."

पलीकडच्या घाटावरची दोन माणसं पण थांबली.

"पूर्वीच्या बोर्डांत रॅमला चिपसेट सांभाळायचा. नंतरच्या बोर्डांत, ह्याही बोर्डात, ते काम प्रोसेसरकडे गेलं. हे मला पाठ आहे. पाठ असून मी इतकी वर्षं विसरलो, कारण मी रेशीम बघितलं होतं. तुम्ही गेलात त्या दिवशी शेवटी प्रोसेसर उचलला. खाली केसाएवढ्या बारीक पिना असतात. त्यातली एक, ह्या पट्टीच्या जागेकडे जाणारी, वाकलेली होती." त्याने डावा हात पुढं केला. "ह्या हाताने. प्लास्टर होतं तेव्हा मी डाव्या हाताने प्रोसेसर बसवला, तेव्हा वाकवली. तुम्ही वर यायच्या आधीच. सुईने सरळ केली. मग तुमची पट्टी घातली, काकू. तुमचीच. ठिणगी लागलेली."

पुढं केलेला हात त्याने मागे घेतला.

"लाईट हिरवी झाली. पट्टी जिवंत होती. एवढी वर्षं जिवंत होती. मी रोज तुम्हाला म्हणायचो तुमच्याने काही नाही झालं, आणि मला वाटायचं मी खोटं बोलतोय. ते खरं होतं. खाली तुम्हाला उचलत होते तेव्हा मला हे कळलं. कोणत्या तोंडाने खाली येऊ?"

मेव्हण्याचा उगारलेला हात तसाच हवेत. सून एकदम खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. पोराला कळेना ती आता का रडते. मला कळत होतं. तिच्या हातात त्या दिवशी पैठणी होती, आणि मी नको म्हणलो होतो.

मला रडू आलं नाही. बेल्ट एकदम बंद पडला की प्लॅन्टमध्ये कान गच्च होतात, तसं झालं. जी चूक बाईने केलीच नव्हती तिच्यासाठी तिने एकुलतं एक रेशीम टाकलं. शहाण्यातल्या शहाण्या माणसाने तिला वाचवायला म्हणून तोंड मिटलं, आणि त्या मिटलेल्या तोंडाने खरंही बाहेर येऊ दिलं नाही. एकदा कोणी ते झाकण उघडलं असतं. एकदाच. कोणी वाईट नव्हतं ह्यात. माणसाने राग तरी कोणावर काढावा?

घरी आलो. पोराने विचारलं, "दादा, वरच्या खोलीचं..." मी हात वर केला.

पाहुणे जेवत होते. मी पेटी उघडली, पैठणी काढून खांद्यावर टाकली आणि जिना चढलो. पाटी तशीच होती. लोकर, नायलॉन बाहेर ठेवा. इतक्या वर्षांत त्याने तिच्यावर रेशीम लिहिलेलं नव्हतं. ती रोज त्या दारातून जायची, तिला दिसलं असतं. मी दार ढकललं.

तो मशीनसमोर जमिनीवर बसला होता, मनगटाला पट्टा. माझ्या खांद्यावरचं बघून त्याचा हात सवयीने वर आला, थांबा म्हणायला. मग खाली गेला. मागे स्टूल होतं, पातेल्याचा गोल डाग अजून त्याच्यावर. मशीनवर बारीक लाईट. हिरवी.

मी त्याच्या शेजारी बसलो. गुडघे दुखतात माझे, तरी बसलो. पैठणीची घडी मोडली आणि मशीनच्या अगदी जवळ, पंख्याच्या हवेला, दोघांच्या मांडीवर पसरली.

"हात लाव," म्हणलं.

"काका..."

"लाव."

त्याने बोट पुढं केलं. कधी कुठल्या चिपेवर टेकवलं नव्हतं ते बोट काठाला टेकवलं. कोरडी हवा होती. चट् झालं. दोघांनी ऐकलं, दोघांनी एकदम वर बघितलं.

लाईट हिरवीच राहिली.